अण्णांच्या चित्रातली कोरी जागा

त्या रविवारी मी राहात्यात होतो. कंपनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा होता आणि मंगल कार्यालयासमोर रस्त्याच्या कडेला बायका पेरूंच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. हिवाळ्यातलं ऊन, पिवळे-हिरवे पेरू, एखाददुसरा मधोमध चिरून वर ठेवलेला... माझ्यासारख्याचा हात खिशाकडे जाणारच. मोबाईल काढून वाकलो, तेवढ्यात पडद्यावर संदीपचं नाव आलं. संदीप म्हणजे माझे थोरले साडू दिगंबरअण्णा, त्यांचा मुलगा. फोटो जाईल म्हणून मी फोन कापला. पुन्हा वाकलो, पुन्हा त्याचाच फोन, पुन्हा कापला. पेरूवालीलाही राहवलं नाही, घ्या की भाऊ, कुणाचं काय निकडीचं असंल, असं ती म्हणाली. तरी मी पाच-सहा फोटो काढून घेतले आणि मगच त्याला फोन लावला. संदीपचा आवाज बसलेला होता. "काका, अण्णा गेले. रस्ता ओलांडत हुते. डाव्या अंगानं मोटरसायकल आली, त्यांना दिसलीच न्हाई."

नंतर भेटायला आलेले लोक काळाने घाला घातला असं म्हणत होते आणि मी मान डोलवत होतो. काळाचा यात काही संबंध नव्हता हे मला माहीत होतं. आता तीन महिने झाले, तेव्हा ते कुठेतरी लिहून टाकावं म्हणून बसलो आहे. लिहिल्याने मन हलकं वगैरे होतं अशी माझी समजूत नाही, आणि तसं व्हावं अशी इच्छाही नाही.

त्याच दिवशी नेवाशाच्या पुढे गाडीत असताना संदीपने पुन्हा फोन केला. गावात श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचा होता, त्यासाठी अण्णांचा एखादा चांगला फोटो हवा होता. तुमच्याकडे तर ढिगाने असतील, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. सगळ्या नात्यागोत्यात मी फोटोवाला म्हणून ओळखला जातो, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं सुट्टीचा दिवस म्हटला की मी आणि अण्णा माझ्या मोटरसायकलवरून जिल्हाभर हिंडलो होतो. मोबाईलमध्ये शोधायला लागलो. बारवा सापडल्या, वेशी सापडल्या, चावड्या, पार, देवळांची दारं, दारांच्या कड्या... अण्णा कुठेच नव्हते. कारण कुठेही गेलं की अण्णा नेमके मधोमध बसायचे आणि मी म्हणायचो, अण्णा, जरा सरका, तुम्ही फोटोत येताय. ते निमूट आपलं बसायचं पोतं उचलून बाजूला व्हायचे. एका फोटोत त्यांचं कोपर मिळालं, एकात पायरीवर काढून ठेवलेल्या चपला. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून बोर्डावर लावला. काळपट, भेदरलेला चेहरा, अण्णा कधीच तसे दिसत नव्हते. तेरा दिवस तो बोर्ड गावाच्या तोंडाशी होता आणि येता-जाता मला खाली बघून जावं लागत होतं.

अण्णा मोजणी खात्यात होते. भूकरमापक हा त्यांचा हुद्दा, पण गावोगाव लोक मोजणीवाले म्हणूनच ओळखायचे. माझी बायको मंगल आणि अण्णांची बायको, जिला मीही अक्काच म्हणतो, या सख्ख्या बहिणी. अण्णांचं घर शेवगावच्या पुढे, हमरस्त्याला लागून असलेल्या एका गावात. मी नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत, आधी लेथवर आणि मग सुपरवायझर. लग्नाकार्यात भेट व्हायची तेवढीच. साडू-साडूंमध्ये जेवणाच्या पंगतीत एकमेकांना आग्रह करण्यापुरतं जे नातं असतं, तेवढं आमचं होतं. ते निवृत्त झाले त्या वर्षी गावच्या जत्रेला मी गेलो, तेव्हा माझ्या गळ्यात नवा कोरा कॅमेरा होता. तो बघून अण्णा म्हणाले, जवळच एक जुनी बारव आहे, चला दाखवतो. तिथून सगळं सुरू झालं.

बारवेपाशी पोचल्यावर दहा मिनिटांत मी वरून, खालून, कमानीतून, पाण्यात पडलेल्या आभाळासकट चाळीसेक फोटो काढून मोकळा झालो. चला म्हणायला वळलो, तर अण्णा अर्ध्या पायऱ्या उतरून पोत्यावर बसलेले. मांडीवर हात, मान ताठ, नजर समोर. वही नाही की पेन्सिल नाही. मला वाटलं दम लागला असेल. अर्धा तास झाला, तास झाला, मी कंटाळून गावात जाऊन चहा पिऊन आलो, तरी ते तसेच. काय बघताय असं विचारलं तर म्हणाले, अजून बघतोय, झाल्यावर सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ओटीवर आलो, तर अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि मांडीवर पाट घेऊन जाड कागदावर ती बारव काढत होते. माझा कॅमेरा तिथेच खुंटीला होता. आता हा बघायला मागतील, असं मला वाटलं. त्यांनी त्याकडे वळूनही पाहिलं नाही.

कागदावर कमान आली होती, कमानीतला कोनाडा, कोनाड्यातला तेलकट काळा डाग, सातव्या पायरीचा तुटका कोपरा, आणि काठाच्या दगडाला दोर घासून घासून पडलेल्या खाचा. या खाचा मला दिसल्याच नव्हत्या. नंतर माझ्या फोटोंत शोधल्या, तर तिथे त्या व्यवस्थित होत्या. पण चित्रात उजवीकडचा वरचा भाग तसाच पांढरा सोडलेला होता. हे राहिलंय, असं मी दाखवलं.

"राह्यलं न्हाई. तिकडं बघायचं झालं न्हाई. बघितलं न्हाई ते मी कागदावर घेत न्हाई."

ही मोजणीतली शिस्त होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेताची मोजणी करताना ऊन कलायला आलं, बांधाचा शेवटचा तुकडा बाभळीच्या झुडपांत होता, आणि अण्णांनी त्यावरून न चालता तो अंदाजाने नकाशात ओढला. त्या एका रेघेवरून दोन सख्खे भाऊ कोर्टात गेले. पुढे थोरला वारला तेव्हा धाकटा मयतीलाही आला नाही. तेव्हापासून ज्या बांधावरून आपण स्वतः चाललो नाही तो कोरा सोडायचा, वरचा साहेब ओरडला तरी चालेल, असं अण्णांनी ठरवून टाकलं होतं. मान न हलवण्याची सवयही तिथलीच. जागा धरली की समोर एका ठिकाणी नजर लावायची आणि बाकीचं आपोआप डोळ्यांत येऊ द्यायचं. माणूस सारखी मान फिरवतो म्हणून त्याला काही दिसत नाही, असं ते मला बजावायचे. मी हो हो करायचो आणि पुढच्या फोटोला लागायचो.

माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते मी गाडीवरून जाता-येता त्यांना ऐकवायचो. एवढा जिल्हा पडलाय, आयुष्य तेवढं नाही. तुम्ही एका पायरीसमोर सकाळ घालवणार, तोवर मी चार गावं करून येतो. आणि माझ्याकडे पुरावा राहतो, तुमच्याकडे आठवण. अण्णा वाद घालत नसत. बरं बरं, करा तुमी चार गावं, म्हणायचे आणि पोतं झटकून बसायला जागा बघायचे. पण एका दिवाळीनंतर पाथर्डीच्या बाजूला एका वस्तीवर आम्ही गेलो, ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ऊसतोडीच्या टोळ्या आदल्याच आठवड्यात कारखान्यांवर गेल्या होत्या. रांगेने घरं, सगळी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी गाडीवरून उतरता उतरता फोटो काढला आणि 'रिकामं गाव' असं लिहून तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. अण्णा समोरच्या पारावर बसले ते बसलेच. दीडेक तासाने उठले, सरळ चौथ्या घराशी गेले आणि कडी वाजवली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत एक म्हातारी होती, पायाने अधू. मुलं-सुना तोडीला गेलेल्या, वरच्या वस्तीवरची एक बाई दिवसाआड भाकरी आणून द्यायची, आणि सकाळपासून माठ कोरडा पडला होता. अण्णांनी हापशावरून दोन हंडे पाणी आणून दिलं. आत कुणी आहे हे कळलं कसं, असं मी विचारलं.

"फटीतनं हात येत हुता. कोंबडी हाकलायला. तीन येळा आला."

घरी आल्यावर मी माझा फोटो मोठा करून बघितला. चौथ्या दाराच्या फटीत तो हात होता. पाचही बोटं दिसत होती. 'रिकामं गाव' मी ग्रुपवरून काढून टाकलं नाही, कारण तोपर्यंत ते लोकांना फार आवडलं होतं.

मग चित्रांतली कोरी जागा वाढायला लागली. कधीपासून, ते मला सांगता येत नाही, आणि माझा सगळा गुन्हा त्यातच आला. आधी ती कडेला थोडीशी असायची. मग डावीकडचा खालचा कोपरा कायमचाच पांढरा राहायला लागला. मग देवळाचा अर्धा मंडपच नाही, चावडीच्या चार खांबांपैकी दोनच... मला ती चित्रं आधीच्यांपेक्षा जास्त आवडायची. त्यांत काहीतरी गूढ आहे, असं वाटायचं. मी पुढाकार घेऊन शेवगावात एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं छोटंसं प्रदर्शन भरवलं आणि उद्घाटनाला माईकही मीच धरला. अण्णांनी काय काढलंय ते बघू नका, काय सोडलंय ते बघा, असं मी चांगलं वीस मिनिटं बोललो. वयाबरोबर माणसाने कसं सोडत जावं, तेही सांगितलं. टाळ्या पडल्या. अण्णा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. परतताना गाडीवर मागून म्हणाले, "सोडलं न्हाई वो पाव्हनं. आता ध्यानच लागत न्हाई. बसतो, पर बघनं हुत न्हाई." हा तुमचा मोठेपणा, असं मी म्हणालो आणि गिअर बदलला.

त्यांनी ती स्वतःची खोट धरली. आपण आळसावलो, आपलं मन इकडेतिकडे जातं, म्हणून दिसत नाही... असा त्यांचा हिशेब. मग ते आणखी बसायला लागले. तासाचे दोन तास झाले, दोनाचे तीन. बसायच्या आधी बोलणं बंद, चहा बंद. एका देवळासमोर तर भर उन्हात इतका वेळ बसले की पुजाऱ्याने येऊन डोक्यावर ओला पंचा ठेवला. घरात उंबऱ्याची ठेच नेहमीची झाली, डाव्या हाताला ठेवलेला चहाचा पेला हमखास सांडायचा. अक्का करवादायची, लक्ष कुठं असतं तुमचं. अण्णा म्हणायचे, तेच तर शोधतोय. आणि मी काय करायचो, तर चेष्टा. अण्णांना बारवेतली सातवी पायरी दिसते आणि पुढ्यातला पेला दिसत नाही, हा माझा ठरलेला विनोद होता. सगळे हसायचे, अण्णाही हसायचे, आणि अक्का फडकं आणायला आत जायची.

दोन वर्षांपूर्वी गावात डोळ्यांचं शिबिर आलं. अक्काचा मोतीबिंदू दाखवायला अण्णा गेले होते, तिथल्या मुलीने सहज त्यांनाही खुर्चीत बसवलं आणि लगेच नगरला पाठवलं. नगरच्या तपासणीला मी बरोबर होतो. एका पेटीत डोकं घालून समोर बघायचं, कुठे ठिपका उजळला की बटण दाबायचं. अण्णा नेहमीप्रमाणे मान ताठ ठेवून बसले होते, आणि बटणाचा आवाज फार क्वचित येत होता. डॉक्टरबाई तरुण होत्या, नीट समजावून सांगत होत्या. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, आठ-दहा वर्षं तरी मुरलेला. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने दिसणं जात राहतं आणि माणसाला पत्ता लागत नाही. औषधाने आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येत नाही. थोडं आधी आला असतात तर... मशीनमधून निघालेला कागद त्यांनी पुढे केला. दोन गोल आणि त्यांत काळे पट्टे, जिथे दिसत नाही तिथे काळं. नकाशा वाचायला अण्णांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ धरला, मग घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

घरी पोचल्यावर त्यांनी पत्र्याच्या पेटीतून सगळी चित्रं काढली आणि ओटीवर ओळीने मांडली. मोजणीच्या सवयीने प्रत्येकावर तारीख आणि वेळ घातलेली होती. शेवटच्या चित्राशेजारी त्यांनी दवाखान्यातला कागद ठेवला. चित्रात जिथे पांढरं होतं, तिथे कागदावर काळं होतं. ते सरकत सरकत मागच्या चित्रांकडे गेले. पाच वर्षं, सहा वर्षं, सात... कोरी जागा हळूहळू लहान होत जात होती. मग ते मला म्हणाले, याच दिवसांचे तुमचे फोटो काढा. इतक्या वर्षांत त्यांनी माझे फोटो मागितले, ते त्या दिवशी पहिल्यांदा. मी लॅपटॉप उघडला. कोऱ्या जागेवर बोट ठेवून ते विचारायचे, हितं काय हुतं? मी फोटोत बघून सांगायचो. तुळशीवृंदावन. हौद. बाकावर बसलेला माणूस. एका देवळापाशी डाव्या बाजूला अख्खी दगडी दीपमाळ होती, दोन पुरुष उंच. त्या देवळासमोर अण्णा तीन तास बसले होते. डोक्यावर ओला पंचा ठेवला होता ते हेच देऊळ. दीपमाळ, असं त्यांनी दोनदा स्वतःशी म्हटलं.

"तुमच्याकडं समदं हुतं की, पाव्हनं."

"तुम्ही कधी बघायला मागितलं नाही, अण्णा."

"तुमी तरी कुटं बघितलं?"

ते रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त विचारत होते, आणि उत्तर दोघांनाही माहीत होतं. मी फोटो काढायचो, लॅपटॉपमध्ये टाकायचो आणि पुढच्या रविवारची वाट बघायचो. त्यांचं चित्र आणि माझा फोटो शेजारी ठेवून एकदा, फक्त एकदा पाहिलं असतं, तरी एवढी मोठी दीपमाळ चित्रात नाही हे माझ्यासारख्या लेथवरच्या माणसालाही कळलं असतं. मी त्यावर भाषण केलं. आणि अण्णांनी तरी माझ्यासारखी मान इकडेतिकडे फिरवली असती, तर एखाद दिवशी त्यांना दचकायला झालं असतं, की अरे, हे इथे होतं. पण त्यांची सगळी साधना मान न हलवण्याची. इतकी वर्षं तो माणूस स्वतःला नालायक समजत अधिकाधिक निश्चल बसत गेला, आणि डोळा आतून जात राहिला. हळू बघणं खरं की भराभर टिपणं खरं, यावर मी अण्णांना हजारो किलोमीटर ऐकवलं होतं. दोन्ही कुचकामी निघालं. हे मी आता कुणाला पटवायला सांगत नाही, झालं ते असं झालं.

थेंब सुरू केले, तरी दृष्टी आकसत गेली. शेवटी बांगडीएवढ्या गोलातून दिसायचं, तेही समोरचंच. त्यांनी माझ्यावर एकच काम सोपवलं. रविवारी न्यायचं, बसायचं, आणि तिथे काय आहे ते मी सांगायचं. पहिल्यांदा आम्ही त्याच दीपमाळेच्या देवळात गेलो. सांगा, ते म्हणाले. देऊळ आहे, दगडी आहे, दीपमाळ आहे, मागे झाड आहे, असं मी सांगितलं. कशाचं झाड? मला माहीत नव्हतं. दीपमाळेला दिवे ठेवायचे हात किती? मोजायला लागलो आणि चुकलो. ऊन कुठवर आलंय? आणि दारातली ती बाई काय करतीय? मला तर बाई आहे हेच दिसलं नव्हतं, त्यांना तिच्या बांगड्यांचा आवाज आला होता. मी नकळत मोबाईल काढला, मोठं करून बघावं म्हणून. टक् असा आवाज झाला तसे अण्णा हसले. काढा काढा, म्हणाले, मग निवांत सांगा. असे पाच-सहा रविवार गेले. दर रविवारी परीक्षेला बसून नापास होऊन परत यायचं, तेही या वयात, माझ्याच्याने होईना. मग माझे गुडघे दुखायला लागले, गाडीचं काम निघालं, नातीचा वाढदिवस आला. अण्णांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. मी सणावारालाच जायला लागलो.

शेवटची भेट डिसेंबरातली. ओटीवर त्यांनी माझ्या अगदी पुढ्यात पोतं टाकलं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, आणि बसले. मान ताठ, हात मांडीवर. अक्का आत स्वयंपाकात होती. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणजे खूप होतं, पण ते कुठून काढायचं कळत नव्हतं. तेव्हा मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. जुने फोटो पुसत होतो, जागा भरली होती. तास-दीड तास गेला असेल. निघताना त्यांनी विचारलं, पुन्हा कधी. येत्या रविवारी नक्की, मी म्हणालो. पुढे काय झालं ते मला अक्काने सांगितलं. रविवारी अण्णा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओटीवर बसले होते. नऊपर्यंत माझी वाट बघितली. मग काखेत पोतं मारलं आणि रस्त्यापलीकडच्या पारावर बसून येतो, म्हणून निघाले. रस्ता पाठ होता त्यांचा. उसाचा ट्रॅक्टर पुढ्यातून जाईपर्यंत ते थांबले, आणि त्याच्या आवाजात मागची मोटरसायकल त्यांना ऐकू आली नाही. त्या वेळी मी राहात्यात साखरपुड्याला टोपी घालून बसलो होतो. तिकडे जायचं ठरल्यावर एक फोन करून कळवणं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

महिन्याने गेलो, तेव्हा अक्काने पेटीतला वरचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तारीख शेवटच्या भेटीच्या दुसऱ्या दिवसाची. एवढ्या मोठ्या कागदावर मधोमध बांगडीएवढं चित्र. त्यात मोबाईल धरलेला एक हात होता. अंगठ्याचं नख काळं आणि दुभंगलेलं, लेथमध्ये सापडलेलं, माझं. त्याच्या वर वाकलेलं डोकं, विरळ झालेला भोवरा, चष्म्याची वरची कड. त्याखाली काही नव्हतं. डोळे, नाक, तोंड, सगळं कोरं. मी अक्काकडे बघितलं.

"मी इचारलं त्यांना, पाव्हन्याचं तोंड का न्हाई काढलं," अक्का म्हणाली. "तर म्हनले, लई येळ थांबलो मी. त्यांनी वर बघितलंच न्हाई."

तो कागद मी नगरला आणला नाही, तो अक्काकडेच आहे. आता मी दर रविवारी जातो. ती तो काढून माझ्यापुढे ठेवते आणि चहा टाकायला आत जाते. मी पोत्यावर बसतो, मान ताठ ठेवतो आणि त्या कोऱ्या जागेकडे बघत राहतो. पाच मिनिटं, फार तर सात... त्यापुढे मला अजून बसवत नाही.